कर्नल बदलला की एनव्हिडियाचा ड्रायव्हर नाहीसा का होतो? प्रॉक्समॉक्स होस्टवरील वारंवार येणाऱ्या अडचणीचे निवारण

प्रॉक्समॉक्स व्हीई या आभासीकरणाच्या लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड बसवून ते कंटेनरमधून वापरणाऱ्यांच्या मागे एक दुखणे ठरावीक काळाने लागते. एपीटी या पॅकेज-व्यवस्थापकाने नवा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणलेला असतो, सर्व्हर पुन्हा सुरू केला जातो, आणि एरवी कार्डाचे तापमान व मेमरी निमूटपणे दाखवणारी 'एनव्हिडिया-एसएमआय' ही कमांड या वेळी ड्रायव्हरशी संपर्क होऊ शकला नाही एवढेच सांगून थांबते. व्हिडिओचे रूपांतर करणारा कंटेनर एकतर सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन सगळा भार प्रोसेसरवर टाकतो. मग ड्रायव्हरची मोठी '.रन' फाइल पुन्हा उतरवली जाते, चालवली जाते, काम भागते, आणि पुढचा कर्नल येईपर्यंत विषय मागे पडतो.

मीही बराच काळ हेच करत होतो. एकदा मात्र तीन वेळा पुनर्स्थापना करूनही कार्ड जागे झाले नाही, आणि तेव्हा लक्षात आले की 'ड्रायव्हर गेला' या एका तक्रारीमागे पूर्णपणे वेगवेगळी कारणे असतात; त्यांतील काहींवर पुनर्स्थापना हा उपाय आहे, काहींवर तो निरुपयोगी आहे, आणि एक-दोन प्रसंगी तो रोग वाढवणारा आहे. म्हणून काहीही नव्याने बसवण्यापूर्वी कारण कोणते ते ओळखायचे, या क्रमाने पुढील विवेचन केले आहे. कमांड, पर्याय आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची आहेत.

आधी एक मर्यादा स्पष्ट करतो. कार्ड पूर्णपणे एखाद्या व्हर्च्युअल मशीनच्या हवाली करायचे असेल, तर होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवण्याची गरजच नसते. तो त्या मशीनच्या आत बसतो. होस्टवर ड्रायव्हर लागतो तो एकच कार्ड अनेक एलएक्ससी कंटेनरांना वाटून द्यायचे असते तेव्हा, कारण कंटेनरांना स्वतःचा कर्नल नसतो. या दोन व्यवस्था एकाच यंत्रावर अर्धवट मिसळल्या की काय होते, त्याचा अनुभव पुढे सांगितला आहे.

मॉड्यूल एका विशिष्ट कर्नलचेच असते

लिनक्स कर्नलच्या आत मॉड्यूलांसाठी, म्हणजे ड्रायव्हरसारख्या जोडता-काढता येणाऱ्या भागांसाठी, कायम टिकणारी अशी बांधीव सीमा नाही. आतली फंक्शने आणि रचना एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत बदलत राहतात आणि कर्नलचे कर्ते ते जाणीवपूर्वक तसेच ठेवतात. कर्नलच्या मूळ झाडात असलेले ड्रायव्हर या बदलांबरोबर दुरुस्त होत जातात. एनव्हिडियाचा मालकी हक्काचा ड्रायव्हर त्या झाडाबाहेर असल्यामुळे त्याची रचना दोन थरांची आहे: आतला मोठा भाग आधीच तयार केलेल्या बायनरीच्या स्वरूपात येतो, आणि बाहेरचा पातळ जोडथर स्रोतसंहितेच्या रूपात येऊन आपल्या यंत्रावर, आपल्या कर्नलच्या हेडर्सच्या (आतल्या रचनांचे वर्णन करणाऱ्या फाइलींच्या) आधारे संकलित (कंपाइल) होतो. तयार झालेल्या मॉड्यूलवर त्या कर्नलची खूण उमटते, ते त्याच कर्नलच्या नावाच्या फोल्डरात ठेवले जाते, आणि नवा कर्नल त्या फोल्डराकडे ढुंकूनही पाहत नाही. थोडक्यात, ड्रायव्हर नाहीसा झालेला नसतो. तो जुन्या कर्नलपाशी सुखरूप असतो. म्हणूनच तातडीचे काम अडले असेल तर सर्व्हर पुन्हा सुरू करून मेनूतून आधीचा कर्नल निवडावा. बहुतेक वेळा कार्ड लगेच चालू होते आणि शांतपणे विचार करायला सवड मिळते.

प्रॉक्समॉक्सवर यात आणखी एक पेच आहे. तेथील सगळी सामान्य पॅकेजे डेबियनची असतात, पण कर्नल डेबियनचा नसून उबुंटूच्या कर्नलवर आधारलेला आणि बराच पुढचा असतो. डेबियन १२ चा स्वतःचा कर्नल ६.१ आहे, त्याच डेबियनवर उभ्या असलेल्या प्रॉक्समॉक्स ८.२ ने एप्रिल २०२४ मध्ये ६.८ हा नेहमीचा कर्नल केला. डेबियन १३ चा कर्नल ६.१२, तर त्यावर आधारलेल्या प्रॉक्समॉक्स ९.० चा ६.१४. याचा अर्थ असा की डेबियनच्या भांडारातला एनव्हिडियाचा ड्रायव्हर ज्या कर्नलवर पारखलेला असतो तो कर्नल तुमच्या सर्व्हरवर चालतच नसतो. आभासीकरणाची सोय कर्नलमध्ये आहे म्हणून ड्रायव्हर अडतो असा समज पुष्कळांचा असतो. केव्हीएमच्या, म्हणजे प्रॉक्समॉक्स ज्यावर व्हर्च्युअल मशीन चालवतो त्या यंत्रणेच्या, बाबतीत तो चुकीचा आहे. केव्हीएम हे २.६.२० पासून, म्हणजे २००७ पासून, मूळ कर्नलचाच भाग असलेले मॉड्यूल आहे, होस्टचा कर्नल प्रत्यक्ष यंत्रावरच चालतो आणि ड्रायव्हरला खरी मेमरी व खरे कार्ड दिसते. अडचण येते ती आभासीकरणासाठी निवडलेला कर्नल आणि बाकीची प्रणाली यांची वये जुळत नाहीत म्हणून. झेन या दुसऱ्या आभासीकरण प्रणालीची गोष्ट निराळी आहे; तिच्याकडे शेवटी येतो.

पहिली पाहणी: या कर्नलसाठी मॉड्यूल आहे का?

'युनेम -आर' ही कमांड देऊन चालू कर्नलचे पूर्ण नाव पाहावे आणि लगेच 'डीकेएमएस स्टेटस' चालवावे. डीकेएमएस ही यंत्रणा झाडाबाहेरच्या मॉड्यूलांची स्रोतसंहिता सांभाळून प्रत्येक नव्या कर्नलसाठी ती पुन्हा संकलित करते. तिच्या उत्तरात चालू कर्नलच्या नावापुढे 'इन्स्टॉल्ड' असा शब्द दिसला तर हा टप्पा ओलांडून पुढे जावे. एनव्हिडियाची ओळच नसेल, तर ड्रायव्हर डीकेएमएसकडे कधी नोंदवलेलाच नव्हता; '.रन' फाइल 'डीकेएमएस' या पर्यायाविना चालवली की मॉड्यूल फक्त त्या दिवसाच्या कर्नलसाठी तयार होते आणि दर कर्नलला तेच नाटक पुन्हा घडते. पुनर्स्थापना करायचीच असेल तर ती हा पर्याय देऊन करावी. तेवढ्याने निम्म्या लोकांचे दुखणे संपेल असा माझा अंदाज आहे.

ओळ आहे, पण ती जुन्याच कर्नलची आहे, किंवा नुसताच 'ॲडेड' शब्द आहे, असे दिसले तर बहुधा हेडर्स नाहीत. आणि येथेच डेबियनची सवय दगा देते. 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' हे पॅकेज बसवलेले असते, ते नियमित अद्ययावतही होत असते, परंतु ते डेबियनच्या कर्नलचे हेडर्स आणते. प्रॉक्समॉक्सच्या कर्नलला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. हवे ते पॅकेज 'प्रॉक्समॉक्स-डिफॉल्ट-हेडर्स'. जुन्या सूचनांमध्ये त्याच कुळातील 'पीव्हीई-हेडर्स' हे नाव आढळते, कारण ६.५ च्या सुमारास कर्नलच्या पॅकेजांची नावे 'पीव्हीई' पासून 'प्रॉक्समॉक्स' कडे बदलली. विशिष्ट आवृत्तीचे हेडर्स हाताने बसवून थांबू नये. ते आजच्या कर्नलपुरते पुरतात आणि पुढच्या महिन्यात आपण पुन्हा येथेच येतो. 'डिफॉल्ट' नावाचे पॅकेज कर्नलबरोबर स्वतः पुढे सरकते. अपवाद एवढाच की तुम्ही नेहमीचा कर्नल सोडून ऐच्छिक नवा कर्नल, उदाहरणार्थ प्रॉक्समॉक्स ८ वर ६.११ किंवा ६.१४, घेतला असेल, तर त्या मालिकेचे हेडर्स वेगळे मागवावे लागतात, कारण 'डिफॉल्ट' हे पॅकेज नेहमीच्याच कर्नलचा माग ठेवते. हेडर्स आले की 'डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' चालवावे.

मॉड्यूल संकलितच होत नसेल तर

हेडर्स असूनही संकलन फसले, तर 'व्हार/लिब/डीकेएमएस' खालील एनव्हिडियाच्या फोल्डरात 'बिल्ड' मध्ये 'मेक.लॉग' नावाची नोंद असते, ती उघडावी. पडद्यावर दिसणारी शेवटची ओळ 'एरर' एवढेच सांगते आणि ती सगळ्या बिघाडांत सारखीच असते. खरे कारण नोंदीतील पहिल्या त्रुटीत असते, आणि तिच्यापर्यंत जायला शेकडो ओळी वर जावे लागते. एखादे फंक्शन अज्ञात आहे, किंवा त्याला दिलेल्या घटकांची संख्या जुळत नाही, अशी तक्रार असेल तर अर्थ सरळ आहे: ड्रायव्हर जुना आहे, कर्नल नवा आहे, आणि त्या दोघांची अजून ओळख झालेली नाही.

दुसऱ्या प्रकारची त्रुटी मला अधिक बोधक वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये डेबियन १२ च्या स्थिर शाखेत ६.१.७६ हा कर्नल आला आणि तोपर्यंत बिनबोभाट संकलित होणारा ५२५ मालिकेचा ड्रायव्हर अचानक अडला. संदेश असा होता की जीपीएलशी, म्हणजे कर्नलच्या मुक्त परवान्याशी, विसंगत असलेले 'एनव्हिडिया.केओ' हे मॉड्यूल केवळ जीपीएल मॉड्यूलांसाठी राखलेले '__आरसीयू_रीड_लॉक' हे चिन्ह वापरत आहे. ड्रायव्हरमध्ये कोणीही काही बदलले नव्हते. कर्नलमधील मेमरीच्या पानाची वैधता तपासणारे एक छोटे, हेडरमधूनच मॉड्यूलात उतरणारे फंक्शन सुधारताना त्यात ते कुलूप वापरले गेले, आणि त्या फंक्शनामार्फत ते चिन्ह एनव्हिडियाच्या मॉड्यूलात नकळत शिरले. आवृत्तीचा मुख्य क्रमांक बदलला नाही म्हणजे धोका नाही, हा हिशेब म्हणूनच धरता येत नाही. परवान्याची भिंत ही येथे कायदेशीर तर आहेच, पण संकलकाला दिसणारी तांत्रिक भिंतही आहे.

या दोन्ही स्थितींत मार्ग दोनच. एक, ड्रायव्हरची नवी आवृत्ती घ्यावी. दोन, ती मिळेपर्यंत चालणारा कर्नल धरून ठेवावा: 'प्रॉक्समॉक्स-बूट-टूल कर्नल लिस्ट' ने उपलब्ध कर्नल पाहावेत आणि 'प्रॉक्समॉक्स-बूट-टूल कर्नल पिन' पुढे हव्या त्या कर्नलचे नाव द्यावे. कोणीतरी तयार केलेला पॅच ड्रायव्हरच्या स्रोतसंहितेवर चढवणे हा तिसरा मार्गही असतो आणि तो घरच्या यंत्रावर करून पाहायला हरकत नाही. परंतु ज्या सर्व्हरवर इतरांचे काम अवलंबून आहे त्यावर मी तो कधीही सुचवणार नाही.

मॉड्यूल आहे, पण कर्नल ते आत घेत नाही

'मॉडप्रोब एनव्हिडिया' दिल्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असे उत्तर आले, तर प्रश्न सिक्युअर बूटचा, म्हणजे ओळखीची सही असलेलेच सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या व्यवस्थेचा, आहे. प्रॉक्समॉक्सने ८.१ पासून सिक्युअर बूटला पाठिंबा दिला, त्यामुळे पूर्वी ज्यांना हा प्रश्न कधी पडला नव्हता त्यांनाही नव्या स्थापनेत तो पडू लागला. कर्नल स्वतःच्या मॉड्यूलांवरील सही ओळखतो. आपल्या यंत्रावर संकलित झालेल्या मॉड्यूलवर आपल्याच किल्लीची सही असते आणि ती किल्ली फर्मवेअरला माहीत नसते. 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' या कमांडने सिक्युअर बूट चालू आहे की नाही ते कळते. चालू असेल, तर डीकेएमएसने 'व्हार/लिब/डीकेएमएस' मध्ये तयार केलेली 'मोक.पब' ही सार्वजनिक किल्ली 'मोकयुटिल --इम्पोर्ट' ने सादर करावी. त्या वेळी एक तात्पुरता पासवर्ड विचारला जातो, आणि पुढच्या बूटच्या वेळी, कर्नल सुरू होण्याआधी, निळ्या पडद्यावर किल्ली दाखल करायची आहे का असे विचारून तोच पासवर्ड पुन्हा मागितला जातो.

हा निळा पडदा सर्व्हरवाल्यांचा घात करतो. तो एसएसएचवरून दिसत नाही. सर्व्हरला खरोखरीचा मॉनिटर व कीबोर्ड जोडलेला हवा, किंवा दुरून पडदा व कीबोर्ड देणारी आयपीएमआयसारखी सोय हवी. सुमारे दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर तो निघून जातो आणि किल्ली दाखल होत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. कीबोर्डची मांडणीही तेथे अमेरिकी गृहीत धरलेली असते, म्हणून तात्पुरता पासवर्ड साध्या अक्षरांचा ठेवावा. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सर्व्हर लांबच्या गावी ठेवलेला असताना ही किल्ली सादर केली आणि नंतर केवळ एक कळ दाबण्यासाठी त्यांना बसने जावे लागले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. 'डीमेसेज' मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, मॉड्यूलची सही पडताळता आली नाही, कर्नल 'टेंट' (डागाळलेला) झाला, असा इशारा दिसला की अनेकजण त्यालाच कारण समजतात. सिक्युअर बूट बंद असताना तो नुसता इशारा असतो आणि मॉड्यूल व्यवस्थित चालू असते. नकार आणि इशारा यांत गल्लत करू नये.

कार्ड दुसऱ्याच्या ताब्यात असणे

आता मला सर्वांत जास्त छळलेले कारण. 'डीकेएमएस स्टेटस' उत्तम, सही मान्य, आणि तरीही 'मॉडप्रोब एनव्हिडिया' म्हणते की असे उपकरणच नाही. 'डीमेसेज' मध्ये या वेळी 'एनव्हीआरएम' ने सुरू होणाऱ्या ओळींत एका उपकरणासाठी तपासणीची प्रक्रिया बोलावलीच गेली नाही असे लिहिलेले असते, आणि त्याखाली नूव्हो, रिव्हाएफबी, एनव्हिडियाएफबी अशी संशयितांची नावेही दिलेली असतात. अशा वेळी 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवून एनव्हिडियाच्या कार्डाखालची 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ पाहावी.

तेथे 'नूव्हो', म्हणजे कर्नलमधलाच एनव्हिडिया कार्डांचा खुला ड्रायव्हर, दिसले तर उपाय सर्वपरिचित आहे. प्रॉक्समॉक्स 'मॉडप्रोब.डी' मध्ये स्वतःची एक वर्जित यादी ठेवतो, परंतु तिच्यात 'एनव्हिडियाएफबी' असते, 'नूव्हो' नसते. ते आपण स्वतंत्र फाइलीत लिहायचे. मात्र नूव्हो हे इनिटरॅमएफएसमधून, म्हणजे मुख्य डिस्क जोडली जाण्याच्याही आधी, सुरू होऊ शकते. त्यामुळे फाइल लिहून 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' चालवले नाही तर वर्जित यादी कागदावरच राहते. 'ऑल' हा शब्द महत्त्वाचा आहे; तो नसेल तर एकाच कर्नलची प्रतिमा नवी होते आणि कर्नल बदलला की नूव्हो परत उगवतो.

माझ्याकडे त्या ओळीत 'व्हीएफआयओ-पीसीआय', म्हणजे कार्ड व्हर्च्युअल मशीनसाठी राखून ठेवणारा ड्रायव्हर, होते. वर्षभरापूर्वी मी एक कार्ड विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनला दिले होते, आणि त्यासाठी 'व्हीएफआयओ.कॉन्फ' मध्ये कार्डाचा विक्रेता क्रमांक व उपकरण क्रमांक लिहून ठेवला होता. पुढे ते मशीन काढून टाकले, ती ओळ विसरलो, आणि कंटेनरांसाठी म्हणून अगदी त्याच नमुन्याचे दुसरे कार्ड स्वस्तात मिळाले ते आणले. व्हीएफआयओला दिलेले क्रमांक हे नमुन्याचे असतात, एका विशिष्ट कार्डाचे नव्हे; एनव्हिडियाचा विक्रेता क्रमांक १०डीई सगळ्याच कार्डांना सारखा आणि एका नमुन्याच्या दोन कार्डांचा उपकरण क्रमांकही सारखा. परिणामी बूट होताच दोन्ही कार्डे व्हीएफआयओने उचलली आणि एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसाठी काहीच उरले नाही. सुरुवातीला सांगितलेल्या त्या तीन पुनर्स्थापना मी याच प्रसंगी, दोन संध्याकाळींत केल्या, आणि प्रत्येक वेळी नव्या कर्नलला दोष दिला.

एकाच नमुन्याची दोन कार्डे वेगवेगळ्या कामांना लावायची असतील, तर क्रमांकांऐवजी पीसीआय पत्त्यावरून बांधणी करावी. 'ड्रायव्हरसीटीएल' या साधनाने 'सेट-ओव्हरराइड' देऊन एका पत्त्यावरचे कार्ड व्हीएफआयओला आणि दुसऱ्या पत्त्यावरचे एनव्हिडियाला नेमून देता येते. ज्या व्हर्च्युअल मशीनच्या मांडणीत 'होस्टपीसीआय' ची ओळ आहे ते मशीन सुरू होताना प्रॉक्समॉक्स ते कार्ड होस्टच्या ड्रायव्हरकडून स्वतःहून काढून घेतो, हेही ध्यानात ठेवावे. बूटबरोबर सुरू होणारे एखादे विसरलेले मशीन कंटेनरांच्या वापरातले कार्ड असे हिरावून घेऊ शकते.

कार्डाची पिढी

हे थोडक्यात. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूलांची खुली आवृत्ती जाहीर केली. तिच्यासाठी कार्डावर जीएसपी नावाचा प्रोसेसर असावा लागतो आणि तो ट्युरिंग पिढीपासून, म्हणजे २०१८ पासून, आहे. जीटीएक्स १०६० किंवा १०८० सारख्या पास्कल कार्डांवर खुले मॉड्यूल बसवले तर ते संकलित होते, सहीही होते, पण कार्ड नाकारते आणि जीएसपी नसल्याचे 'डीमेसेज' मध्ये स्पष्ट लिहिते. उलट ब्लॅकवेल पिढीची, म्हणजे आरटीएक्स ५० मालिकेची कार्डे केवळ खुल्या मॉड्यूलांवरच चालतात. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची शाखा आहे. त्यांच्या मालकांनी त्यापुढची आवृत्ती आपोआप येणार नाही अशी तजवीज आत्ताच करावी.

होस्टवर सर्व ठीक, कंटेनरमध्ये अंधार

'एनव्हिडिया-एसएमआय' होस्टवर उत्तर देते, पण कंटेनरमध्ये 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' म्हणते, ही तक्रार मी दर महिन्याला ऐकतो. कंटेनरात कर्नल नसला तरी एनव्हिडियाच्या लायब्ररी त्याच्या आतच असतात, आणि त्यांची आवृत्ती होस्टच्या मॉड्यूलशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळावी लागते. होस्टवर ड्रायव्हर बदलला की प्रत्येक कंटेनरात तीच '.रन' फाइल, कर्नल मॉड्यूल वगळण्याचा पर्याय देऊन, पुन्हा चालवावी लागते. कंटेनरात डेबियनचे एपीटी आणि होस्टवर '.रन' फाइल असा संसार टिकत नाही. दोन्हीकडे एकच मार्ग असावा. हाच संदेश होस्टवर आला, तर लायब्ररी अद्ययावत झाल्या आहेत आणि जुने मॉड्यूल अजून मेमरीत आहे एवढाच अर्थ असून सर्व्हर एकदा पुन्हा सुरू केला की तो जातो.

याहून फसवी स्थिती अशी की कंटेनरमध्येही 'एनव्हिडिया-एसएमआय' नीट चालते, पण कुडा (कार्डावर गणिते चालवण्याची एनव्हिडियाची यंत्रणा) वापरणारा प्रोग्राम उपकरण सापडत नसल्याचे सांगतो. कारण उपकरण-फाइलींच्या क्रमांकांत दडलेले असते. 'एनव्हिडिया०' आणि 'एनव्हिडियासीटीएल' यांचा मुख्य क्रमांक १९५ हा ठरलेला आहे. कुडाला लागणाऱ्या 'एनव्हिडिया-यूव्हीएम' चा क्रमांक मात्र कर्नल त्या त्या वेळी मोकळा असेल तो देतो. कंटेनरच्या मांडणीत 'सीग्रुप२.डिव्हायसेस.अलाऊ' च्या ओळीत आपण पूर्वीचा क्रमांक, समजा ५०९, कोरून ठेवलेला असतो. नव्या कर्नलखाली तोच ५११ होतो आणि कंटेनरला परवानगी राहत नाही. 'एलएस -एल' ने होस्टच्या 'डेव्ह' फोल्डरातील आजचा क्रमांक पाहून ती ओळ दुरुस्त करता येते, पण क्रमांकावर विसंबणेच सोडून द्यावे हे बरे. प्रॉक्समॉक्स ८.२ पासून कंटेनरच्या 'रिसोर्सेस' पानावरून उपकरण-फाइलीचा मार्ग देऊन ती जोडता येते. तेथे क्रमांक लिहावा लागत नाही.

मात्र या नव्या पद्धतीला बूटच्या वेळी ती फाइल अस्तित्वात असावी लागते, आणि एनव्हिडियाचे मॉड्यूल आपल्या उपकरण-फाइली स्वतः तयार करत नाही. ते काम 'एनव्हिडिया-मॉडप्रोब' हा साहाय्यक प्रोग्राम कोणीतरी कार्ड वापरू लागल्यावर करतो. पडद्याविना चालणाऱ्या सर्व्हरवर बूट होताना कार्ड वापरणारे कोणीच नसते. म्हणून कंटेनर आपोआप सुरू होत नाही, आणि आपण लॉगिन करून 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवताच सगळे ठीक होते. तपासायला गेले की रोग गायब. यावर उपाय म्हणजे कंटेनर सुरू होण्यापूर्वी 'एनव्हिडिया-एसएमआय' आणि 'एनव्हिडिया-मॉडप्रोब -यू -सी=०' या दोन कमांड एकदा चालवणारी छोटी सिस्टीमडी सेवा लिहिणे, आणि तिला 'पीव्हीई-गेस्ट्स' या सेवेच्या आधीचे स्थान देणे.

झेनचा वेगळा प्रश्न

झेनच्या डॉम-शून्यात, म्हणजे झेनवर चालणाऱ्या मुख्य व्यवस्थापक प्रणालीत, हाच ड्रायव्हर बसवू पाहणाऱ्यांना पूर्वी स्थापनेच्या पहिल्याच पायरीवर नकार मिळत असे: हा झेन कर्नल आहे, ड्रायव्हर झेनला पाठिंबा देत नाही, साधा कर्नल बसवा. 'इग्नोर_झेन_प्रेझेन्स' हा चलघटक १ करून ती तपासणी टाळता येते, आणि ही युक्ती आजही जुन्या सूचनांत सर्रास दिसते. आजच्या सामान्य कर्नलांत झेनचा आणि पॅराव्हर्च्युअलायझेशनचा (आपण आभासी यंत्रात आहोत हे ओळखून वागण्याच्या पद्धतीचा) पाठिंबा दोन्ही अंगभूत असल्याने, आपण नक्की झेनखाली चालणार आहोत की थेट यंत्रावर, हे संकलनाच्या वेळी सांगता येत नाही. तपासणीही अशा कर्नलला साधा कर्नल समजून सोडून देते. त्यामुळे नकार आता बहुधा येत नाही, बिघाड नंतर येतो: काळा पडदा, गोठलेले यंत्र, किंवा अधूनमधून होणारा गोंधळ.

केव्हीएमप्रमाणे येथे होस्टचा कर्नल सर्वांत खाली नसतो. खाली झेन असतो, आणि पॅराव्हर्च्युअल डॉम-शून्याचा कर्नल ज्याला मेमरीचा भौतिक पत्ता समजतो तो खरा पत्ता नसतो. घराच्या दारावरचा क्रमांक आणि सातबाऱ्यावरचा गट क्रमांक यांत जसा फरक, तसा हा आहे. घरातल्या माणसांचे दारावरच्या क्रमांकावर भागते. परंतु कार्ड हे मोजणीदारासारखे असून त्याला फक्त गट क्रमांक कळतो. कर्नलच्या डीएमए यंत्रणेतून (उपकरणाला थेट मेमरी वापरू देणाऱ्या व्यवस्थेतून) गेले तर एकाचे दुसऱ्यात रूपांतर होते. ड्रायव्हरने पत्ते स्वतः काढून कार्डाला दिले, किंवा पानांच्या तक्त्यात झेनला न विचारता हात घातला, की नोंद भलत्याच जमिनीवर होते. आतला भाग बंद बायनरी असल्याने आपल्याला ते दुरुस्तही करता येत नाही.

म्हणून डॉम-शून्यात मालकी हक्काचा ड्रायव्हर बसवण्याचा नाद सोडावा असे माझे मत आहे. कार्ड एचव्हीएम प्रकारच्या (हार्डवेअरच्या साहाय्याने पूर्ण यंत्र भासवणाऱ्या) व्हर्च्युअल मशीनला पीसीआय पासथ्रूने, म्हणजे थेट हवाली करून, द्यावे आणि ड्रायव्हर त्याच्या आत बसवावा. तेथे पत्त्यांचे रूपांतर आयओएमएमयू हे हार्डवेअर करते आणि ड्रायव्हरला त्याची जाणीवही नसते.

अद्ययावत करतानाचा क्रम

प्रॉक्समॉक्सपुरते बोलायचे, तर माझ्या सर्व्हरवर आता एकच शिस्त आहे. एपीटीने नवा कर्नल बसवल्यावर लगेच सर्व्हर पुन्हा सुरू करत नाही. आधी 'डीकेएमएस स्टेटस' मध्ये त्या नव्या कर्नलच्या नावापुढे 'इन्स्टॉल्ड' आले आहे का ते पाहतो, कारण मॉड्यूल बूटच्या आधीच तयार झालेले असायला हवे. आले नसेल तर सर्व्हर चालू ठेवूनच नोंद वाचतो, आणि त्या दिवशी सुटण्यासारखे नसेल तर जुना कर्नल पिन करतो. नव्या कर्नलची नुसती चाचणी घ्यायची असेल तेव्हा पिनला '--नेक्स्ट-बूट' हा पर्याय जोडतो, म्हणजे काही बिघडले तर पुढच्या बूटला यंत्र आपोआप नेहमीच्या कर्नलवर येते.

पिन केलेला कर्नल मात्र तसाच राहून जातो. सुरक्षेच्या दुरुस्त्या असलेले नवे कर्नल डिस्कवर येत राहतात आणि सर्व्हर जुन्यावरच सुरू होत राहतो, हे कोणी सांगत नाही. ड्रायव्हरची जुळणारी आवृत्ती मिळाली की 'प्रॉक्समॉक्स-बूट-टूल कर्नल अनपिन' चालवावे, आणि पुढच्या बूटनंतर 'युनेम -आर' ने खात्री करून घ्यावी.